झील आणि हाळी : हिप हॉप व शाहिरीतील सामाजिक कृतीचा विचार

सामाजिक चळवळीचे साधन म्हणून कवितेकडे पाहताना मराठी समीक्षा बहुधा दोन प्रश्न विचारीत आली आहे. ही कविता आहे की प्रचार, हा पहिला. आणि या कवितेने समाजात प्रत्यक्ष काय घडवले, हा दुसरा. पहिला प्रश्न कलावाद्यांचा व दुसरा बांधिलकी मानणाऱ्यांचा, अशी त्यांची वाटणीही झालेली आहे. दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी मात्र एकच गृहीत आहे. कविता म्हणजे एका मुखातून निघालेला आशय आणि श्रोता म्हणजे तो आशय मुकाट्याने ग्रहण करणारा, हे ते गृहीत होय. छापील कवितेच्या संदर्भात ते काही अंशी खरे मानता येईल. जे काव्य उभे राहून, ताल धरून, समोरच्या जमावाच्या साक्षीने म्हटले जाते त्याच्या बाबतीत ते टिकत नाही. अमेरिकेतील हिप हॉप आणि महाराष्ट्रातील शाहिरी हे असे दोन काव्यप्रकार आहेत. त्यांच्यातील सामाजिक कृतीचा शोध आशयाऐवजी त्यांच्या एका रचनाघटकातून घेता येतो काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तो घटक म्हणजे झील.

पोवाडा, गोंधळ, तमाशा या प्रकारांत मुख्य गायकाच्या मागे उभे राहून त्याचा चरण उचलून धरणारे साथीदार असतात. त्यांना झीलकरी किंवा सुरत्ये म्हणतात, आणि ते जो स्वर धरतात ती झील. झीलकऱ्याचे काम केवळ पुनरुच्चाराचे नसते. गोंधळाच्या आख्यानात साथीदार नाईकाला मध्येच अडवतो, भाबडी शंका विचारतो, कधी त्याची टर उडवतो. शाहीरही कथनाच्या ओघात आपल्या साथीदाराला विचारून, त्याच्याकडून होकार घेऊन पुढे सरकतो. म्हणजे श्रोत्यांच्या बाजूचा एक माणूस रंगमंचावरच उभा असतो. मराठी भाषेने पुढे या व्यवहाराची फारशी कदर ठेवली नाही. ‘री ओढणे’ हा वाक्प्रचार याच परंपरेतून आला आणि आज त्याचा अर्थ स्वतःची बुद्धी न वापरता मान डोलावणे असा उरला आहे. दुसऱ्या आवाजाविषयीची सुशिक्षितांची तुच्छता या अर्थांतरात दिसते, असे म्हणण्यास जागा आहे.

हिप हॉप आणि शाहिरी यांची तुलना सामान्यतः शोषितांचा उद्गार या सूत्रावर केली जाते. ते सूत्र इतके व्यापक आहे की त्यात जगातील निम्मे लोकवाङ्मय सामावेल. ऐतिहासिक दुवा म्हणून १९६६ मध्ये ओकलंड येथे स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाचे नाव १९७२ मध्ये मुंबईतील दलित पँथरने घेतले, ही घटना सांगितली जाते. ती महत्त्वाची आहे, परंतु हा दुवा नावाचा व बाण्याचा आहे, काव्यरूपाचा नाही. काव्यरूपातील साम्य दोन्हीकडे स्वतंत्रपणे आलेले आहे, आणि म्हणूनच त्याची तपासणी अधिक फलदायी ठरते.

ब्रॉंक्समधील आरंभ

न्यूयॉर्क शहरातील ब्रॉंक्स हा विभाग १९७०च्या दशकात उद्ध्वस्त होत होता. रॉबर्ट मोझेस यांच्या नियोजनातून उभारलेल्या क्रॉस ब्रॉंक्स द्रुतगती मार्गाने वस्त्या चिरल्या गेल्या होत्या, ज्यांना परवडत होते ते कुटुंबकबिल्यासह बाहेर पडले होते, आणि मागे उरलेल्या इमारती एकामागून एक जळत होत्या. तरुणांच्या टोळ्यांनी गल्ल्या वाटून घेतल्या होत्या. डिसेंबर १९७१ मध्ये मध्यस्थी करू पाहणाऱ्या एका तरुणाची हत्या झाली. सूडाऐवजी होई ॲव्हेन्यू येथे टोळ्यांची बैठक भरली व तह झाला. तो सर्वत्र पाळला गेला असे नाही. तरीही एका गल्लीतील मुलाला दुसऱ्या गल्लीतील समारंभाला जाणे त्यानंतर पूर्वीइतके जिवावरचे राहिले नाही. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत एका मुलीने शाळा उघडण्यापूर्वी कपड्यांसाठी पैसे जमवावेत म्हणून नाचाचा कार्यक्रम ठेवला आणि तिचा भाऊ क्लाइव्ह कॅम्पबेल, अर्थात डीजे कूल हर्क, याने तबकड्या वाजवल्या. हिप हॉपचा जन्म म्हणून ही तारीख सांगितली जाते. जन्माची तारीख सांगताना तहाची तारीख विसरली जाते, ही या इतिहासलेखनातील उणीव आहे. गाणे आधी व संघटन नंतर असा क्रम येथे नव्हता. आधी माणसांनी एकत्र येण्याची वाट मोकळी केली, मग त्या वाटेवर गाणे आले.

हर्क जमैकात जन्मलेला होता. तेथे ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभारून रस्त्यावर संगीत वाजवण्याची व त्यावर तालबद्ध बोलण्याची रीत त्याने पाहिली होती. तबकडीतील ज्या तुकड्यात गायन थांबून केवळ ताल उरतो त्या तुकड्यावर नाचणाऱ्यांना जोर येतो, हे हेरून त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटून पालटून वाजवल्या व तो तुकडा हवा तितका लांबवला. त्या लांबलेल्या तालावर जमावाला हाळी द्यायची आणि जमावाने ती परतवायची, एवढेच आरंभीच्या एमसीचे काम होते. त्यात राजकीय आशय जवळजवळ नव्हता. नावे घेणे, नाचणाऱ्यांना चिथावणे, आपली फुशारकी मारणे हेच होते. परंतु ज्या वस्तीला महापालिकेने मोडीत काढले होते त्या वस्तीतील माणसाचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाई आणि शेकडो कंठ त्याला उत्तर देत. या व्यवहाराला बिनराजकीय म्हणणे अवघड आहे.

१९७९ मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ ही तबकडी निघाली आणि रॅप घराघरांत पोहोचला. ती ज्या तिघांनी गायिली ते ब्रॉंक्सच्या मैदानांतून घडलेले नव्हते. ध्वनिमुद्रणासाठी न्यू जर्सीत जमवलेले होते. चौदा मिनिटांहून अधिक लांबीच्या त्या गीतात जमावाला उद्देशून हाळी आहे, जमाव मात्र नाही. तीन वर्षांनी आलेल्या ‘द मेसेज’ या गीताची गोष्ट याहून उद्बोधक आहे. सामाजिक रॅपचे आद्य उदाहरण म्हणून प्रत्येक अभ्यासक ते सांगतो. काचा, कचरा, दुर्गंधी, कर्ज आणि तुरुंगातील मरण यांचे ते चित्र खरोखर प्रभावी आहे. परंतु ते प्रामुख्याने एड फ्लेचर या ध्वनिमुद्रणगृहातील वादकाने रचले. ज्या ग्रँडमास्टर फ्लॅशच्या नावावर ते निघाले तो त्यात नाही, आणि त्याच्या गटातील गायकांपैकी मेली मेल याचाच त्यात खरा वाटा आहे. गटाला हे गीत नकोसे वाटत होते. नाचायला आलेल्या माणसाला त्याच्याच घरातील दैन्य ऐकवायचे कशासाठी, अशी त्यांची शंका होती. ही शंका बाजारू म्हणून झटकून टाकता येईल, पण तीत एक रचनाविषयक जाणही आहे. ‘द मेसेज’ हे एकट्याने सांगायचे व एकट्याने ऐकायचे गीत आहे. त्याच्यामुळे रॅपला आशय मिळाला, समीक्षकांची मान्यता मिळाली, आणि त्याच वेळी झील मागे पडली. पुढील काळात ‘जाणीवसंपन्न रॅप’ म्हणून ज्याचा गौरव झाला त्यातील पुष्कळसा भाग या अर्थाने व्याख्यानासारखा आहे.

शाहीर आणि सोंगाड्या

पब्लिक एनिमी या गटाचे वेगळेपण येथे लक्षात येते. १९८८ व १९८९ या दोन वर्षांत या गटाने जे केले ते राजकीय रॅपचे शिखर मानले जाते, आणि ‘फाइट द पॉवर’ हे स्पाइक ली यांच्या ‘डू द राइट थिंग’ (१९८९) या चित्रपटासाठी रचलेले गीत त्याचा मानबिंदू. चक डी याचा भारदस्त, काहीसा प्रवचनी आवाज हे या गटाचे बलस्थान असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. त्याच्या शेजारी गळ्यात भलेमोठे घड्याळ अडकवलेला फ्लेव्हर फ्लेव्ह नाचत असतो; मध्येच ओरडतो, वाक्याचा शेवट चोरतो, खिदळतो, होकार भरतो. अमेरिकी समीक्षकांना हे पात्र बराच काळ अडचणीचे वाटले. तमाशा पाहिलेल्या मराठी माणसाला ते तत्काळ ओळखता येईल. तो सोंगाड्या आहे. शाहिराच्या गंभीर वाणीला जमिनीवर ठेवणे हे त्याचे काम. १९९० मध्ये त्यानेच मुख्य स्वरात गायिलेल्या एका गीतात कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत तातडीच्या मदतीची गाडी वेळेवर न येण्याची तक्रार हास्याच्या अंगाने मांडली आहे. शिष्टमंडळाने निवेदन द्यावे असा तो विषय, आणि तो विदूषकाच्या तोंडी दिल्यामुळे ऐकणाऱ्याला आधी हसू येते व हसण्यात आपण सामील झालो हे नंतर कळते. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा ढाचा तसाच ठेवून आशय पालटला आणि भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी तो वारसा पुढे नेला, तेव्हा विनोदी संवादाला तेथे मिळालेले स्थान याच प्रकारचे होते. सोंगाड्याला वगळून केवळ शाहिराचे पद छापणाऱ्या संपादकांनी त्या परंपरेचे मोठे नुकसान केले आहे.

या गटाचा गौरव करताना एक गोष्ट झाकता येणार नाही. १९८९ मध्ये गटातील एका सदस्याने ज्यूधर्मीयांविषयी काढलेले द्वेषयुक्त उद्गार प्रसिद्ध झाले आणि गट कोलमडण्याच्या बेतात आला. एका समूहाचा आत्मसन्मान जागवणारी हाळी दुसऱ्या समूहाच्या द्वेषाकडे वळणे अशक्य नसते. झील धरणारे तिलाही झील धरू शकतात. झील हे मूल्य नव्हे, ती रचना आहे, एवढे भान तुलनेत ठेवावे लागते.

स्त्रियांविषयीच्या रॅपमधील भाषेचा प्रश्नही येथेच येतो. पुरुषांनी रचलेल्या गीतांत स्त्रीला जी विशेषणे लावली गेली त्यांची यादी देण्याचे कारण नाही. त्यांचे उत्तर बाहेरच्या नीतिवाद्यांकडून येण्याआधी त्याच प्रकारातून आले, हे महत्त्वाचे. क्वीन लतीफा हिच्या १९९३ मधील ‘यू.एन.आय.टी.वाय.’ या गीतात रस्त्यावर अपशब्द वापरणाऱ्याला थांबवून विचारणा केली आहे. ज्या सभेत आपल्याला झीलकऱ्याची जागाही मिळत नव्हती त्या सभेत उभे राहून दिलेला तो सवाल होता. मराठीत त्याला सवाल-जवाबाची परंपरा म्हणता येईल. मात्र येथे सवाल ठरवून दिलेला नव्हता.

जमाव काय उचलतो

श्रोते नेमके काय उचलतात, हे केंड्रिक लामार याच्या ‘ऑलराइट’ या २०१५ मधील गीताच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होते. या गीताची कडवी आंदोलनासाठी लिहिलेली वाटत नाहीत. त्यांत मोह आहे, अपराधभाव आहे, खचलेपण आहे. धृपद फॅरेल विल्यम्सच्या आवाजात येते, म्हणजे ध्वनिमुद्रणातच ते दुसऱ्याच्या स्वाधीन केलेले आहे. जुलै २०१५ मध्ये क्लीव्हलँड येथे कृष्णवर्णीयांच्या चळवळीच्या संमेलनातून बाहेर पडणाऱ्यांची पोलिसांशी गाठ पडली तेव्हा जमावाने हे धृपद म्हटले, आणि नंतर ते अनेक शहरांतील मोर्चांत घोषणेसारखे म्हटले गेले. जमावाने कडवी सोडली आणि झील घेतली. यात कवितेचे विद्रूपीकरण झाले असे एखादा रसिक म्हणेल. पण ते धृपद ज्या निराशेतून वर येते ती निराशा कडव्यांत नसती तर ते धृपद पोकळ आशावाद ठरले असते आणि रस्त्यावर टिकले नसते. कडवी न म्हणताही ती मोर्चात हजर असतात. २०१८ मध्ये लामार याला पुढील संग्रहासाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले; विद्यापीठांनी त्याला कवी म्हणून स्वीकारण्यास त्याचा मोठा हातभार लागला. मोर्चांनी तो निर्णय तीन वर्षे आधी घेतला होता.

अण्णाभाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीची रचना यासंदर्भात तपासण्याजोगी आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात ती गाजली. पोटासाठी मुंबईस आलेला कामगार गावी राहिलेल्या पत्नीच्या आठवणीने व्याकूळ होतो; तिच्या रूपाचे, ताटातुटीच्या क्षणाचे वर्णन बराच वेळ चालते; आणि नंतर ही ताटातूट बेळगाव, डांग, उंबरगाव यांच्यापासून तोडल्या गेलेल्या महाराष्ट्राची होते. येथेही खासगी दुःख कडव्यांत आहे आणि सार्वजनिक दुःख त्याच्या पाठीवर बसून येते. गिरणगावातील ज्या माणसाला भाषावार प्रांतरचनेचे राजकारण समजावून सांगण्यास पाच सभा लागल्या असत्या, त्याला आपल्या गावच्या घराची आठवण पुरेशी होती. अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह अण्णाभाऊंनी जे कलापथक उभारले त्यामागे पक्ष होता, कामगार संघटना होती, चाळींच्या पटांगणात जमणारा श्रोता होता. आज पाठ्यपुस्तकात वा संग्रहात ही छक्कड वाचणाऱ्याला झील एकदाच, धृपद म्हणून, छापलेली दिसते. नंतर प्रत्येक कडव्याअखेर तिचा पहिला शब्द, आणि पुढे टिंबे. वर्गात कविता शिकवली जाते ती टिंबांसकट.

नामदेव ढसाळांची कविता या मापाने मोजता येत नाही. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झालेला ‘गोलपिठा’ आणि त्याच्या आगेमागे हार्लेममध्ये गाजणारी लास्ट पोएट्सची कविता यांच्यात संतापाचे, शिवराळपणाचे, शहराच्या तळाचे साम्य आहे. लास्ट पोएट्स हा गट १९ मे १९६८ रोजी, माल्कम एक्स यांच्या जन्मदिनी, हार्लेममधील उद्यानात प्रथम उभा राहिला. त्यांच्या हाती कोंगा नावाचे ढोल होते, एकाचे काव्य चालू असता इतर त्याला स्वर देत. रॅपचे पूर्वज म्हणून त्यांचे नाव घेतले जाते ते त्यामुळेच. ‘गोलपिठा’ला ढोल नाही. ती कविता जमावाला हाळी देत नाही, एकट्या वाचकाला गाठते, आणि तो वाचक बहुधा ज्याला कामाठीपुऱ्यातील शब्दांचे अर्थ विचारावे लागतात असा असतो. ही तिची उणीव मानण्याचे कारण नाही. दलित पँथरच्या काळात सभेतील भाषण, मोर्चा आणि कविता यांची कामे वेगळी होती आणि गाण्याचे काम वामनदादा कर्डकांसारखे लोककवी व गायनपार्ट्या वस्त्यावस्त्यांतून करीतच होत्या. ढसाळांना रॅपचे पूर्वज ठरवण्याचा जो मोह अलीकडे दिसतो त्यात वामनदादांचा व गायनपार्ट्यांचा विसर पडतो.

झील तीच, हाळी निराळी

मुंबईतील रॅपचा विषय काढला की ‘गल्ली बॉय’ (२०१९) या चित्रपटाचे नाव येते. डिव्हाइन व नेझी यांनी २०१५ मध्ये ‘मेरे गली में’ केले तेव्हा कुर्ला, अंधेरी, धारावी येथील मुले आधीपासून आपापल्या भाषांत रचना करीत होती. चित्रपटाने त्यांना देशभर ओळख दिली हे मान्य करावे लागेल. परंतु त्यातील ‘आझादी’ या गीताचा प्रवास पाहण्यासारखा आहे. ही मुळात घोषणा आहे. एकाने कशापासून ते सांगावे आणि सर्वांनी ‘आझादी’ म्हणावे, अशी तिची शुद्ध झीलेची घडण. पाकिस्तानातील स्त्रीवादी मेळाव्यात ऐकलेली ही घोषणा कमला भसीन यांनी भारतातील स्त्री चळवळीत रुजवली. २०१६ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कन्हैया कुमार यांनी ती दिली तेव्हा हाळीत मनुवाद व ब्राह्मणवाद हे शब्द होते, आणि डब शर्मा या संगीतकाराने त्याच घोषणांवर त्याच वर्षी एक ध्वनिफीत रचली. चित्रपटात तीच चाल आली. भूक आली, भेदभाव आला. मनुवाद व ब्राह्मणवाद गेले. झील तशीच राहिली आणि हाळी बदलली. चित्रपटगृहात टाळी वाजवणाऱ्या प्रेक्षकाला आपण त्याच घोषणेला साथ देत आहोत असे वाटणे स्वाभाविक होते. बाजारपेठ आंदोलनाचे गाणे गिळते, असे ढोबळ विधान नेहमी केले जाते. गिळण्याची रीत इतकी साधी असते हे सहसा दाखवले जात नाही.

याच्या उलट उदाहरण कोडाईकनालचे आहे. जुलै २०१५ मध्ये सोफिया अश्रफ यांनी निकी मिनाज हिच्या एका लोकप्रिय व बऱ्यापैकी सवंग गीताच्या चालीवर रॅप रचला. तमिळनाडूतील या थंड हवेच्या ठिकाणी हिंदुस्थान युनिलिव्हरचा तापमापकांचा कारखाना होता. पाऱ्याने दूषित काचेचा कचरा उघड्यावर सापडल्यानंतर २००१ मध्ये तो बंद झाला. कामगारांच्या आरोग्यहानीशी पाऱ्याचा संबंध कंपनीने नाकारला होता. गीत लाखोंनी पाहिले, आणि मार्च २०१६ मध्ये कंपनीने ५९१ माजी कामगारांशी तडजोड केली. रॅपने बहुराष्ट्रीय कंपनीला नमवले, अशी ही कथा सांगितली जाते. ती तशी सांगणे अन्यायाचे आहे. माजी कामगारांची संघटना जवळजवळ पंधरा वर्षे लढत होती, २००६ पासून मद्रास उच्च न्यायालयात त्यांची याचिका होती, पर्यावरण कार्यकर्त्यांनी नमुने गोळा केलेले होते. काव्य म्हणून पाहिले तर गीत सामान्य आहे. यमके ओढून आणलेली, विनोद चालीवर अवलंबून. पण त्याचा प्रत्येक शब्द उचलून धरण्यास माणसे तयार उभी होती, आणि पाहणाऱ्याने सही कोठे करायची हेही ठरलेले होते. उत्तम गीताला झील न मिळाल्यास काय होते आणि सामान्य गीताला ती मिळाल्यास काय होते, यांचा विचार आशयनिष्ठ समीक्षेच्या कक्षेत येतच नाही.

शासकीय मोहिमा व जाहिराती यांतून अलीकडे जो रॅप ऐकू येतो त्यावर फार लिहिण्याचे कारण नाही. त्यात हाळीही कार्यालयात लिहिली जाते आणि झीलही.

न्यायालयातील वाचन

झीलेचा प्रश्न केवळ रसास्वादाचा नाही. १९८९ मध्ये एन.डब्ल्यू.ए. या गटाच्या पोलिसांवरील गीताबद्दल अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेतील अधिकाऱ्याने वितरक कंपनीला नापसंतीचे पत्र पाठवले. पुढील काळात फौजदारी खटल्यांत रॅपच्या ओळी आरोपीची कबुली म्हणून वाचल्या जाऊ लागल्या. त्या ओळींतील ‘मी’ हा अनेकदा गल्लीचा ‘मी’ असतो, सोंगाचा ‘मी’ असतो, समोरच्याने उलटून बोलावे म्हणून उभा केलेला ‘मी’ असतो. कागदावर उतरवताच तो एका इसमाचा होतो. कॅलिफोर्निया राज्याने सप्टेंबर २०२२ मध्ये यासंबंधी कायदा करून कलाकृती पुरावा म्हणून दाखल करण्यापूर्वी तिच्यामुळे होणाऱ्या पूर्वग्रहाचा विचार न्यायाधीशांनी करावा, असे बंधन घातले.

महाराष्ट्रात हा प्रश्न आधी शाहिरांच्या वाट्याला आला. २००२ च्या गुजरात दंगलींनंतर पुण्यात सुरू झालेल्या कबीर कला मंचावर नक्षलवादी संबंधांचा आरोप ठेवण्यात आला. शीतल साठे व सचिन माळी २ एप्रिल २०१३ रोजी मुंबईत विधान भवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाले. गरोदर असलेल्या साठे यांना त्याच वर्षी उच्च न्यायालयाने जामीन दिला. माळी व त्यांच्या दोन सहकाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयातून तो मिळण्यास जानेवारी २०१७ उजाडावे लागले. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे व उमेश खाडे या दोन मराठी रॅपरांवर राजकीय गीतांवरून गुन्हे नोंदवण्यात आले. दोन्ही पिढ्यांत एक फरक आहे. कला मंचामागे पथक होते, बचाव समिती उभी राहिली, आनंद पटवर्धनांसारखे चित्रपटकार सोबत होते. रॅपर भ्रमणध्वनीवर गीत ध्वनिमुद्रित करतो व एकटाच ते प्रसारित करतो. ऐकणारे लाखो असतात, पण ठाण्यात बोलावणे येते तेव्हा ते आपापल्या घरी असतात.

पथक असले म्हणजे शाहीर एकटा नसतो, असेही नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. त्यानंतर काही दिवसांतच मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणाऱ्या शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. डाव्या चळवळीच्या मंचावरून ते वर्षानुवर्षे गायिले होते. पटवर्धनांच्या ‘बॉम्बे : अवर सिटी’ (१९८५) या चित्रपटात त्यांचे गाणे आहे. अखेरच्या काळात ते आपल्या सांस्कृतिक गटापासून दुरावले होते. मृत्यूसमयी त्यांच्या डोक्याला निळी पट्टी बांधलेली होती. त्यांच्या जाण्यापासून सुरू झालेले चित्रीकरण पटवर्धनांनी चौदा वर्षे चालू ठेवले. ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या त्या चित्रपटाचे खेळ मुंबईच्या ज्या वस्त्यांत रात्री उघड्यावर झाले त्यांत रमाबाई आंबेडकर नगरही होते.